ग्लाइड बेट: सैल लाईनवर चालणारा ल्युअर

ग्लाइड बेट म्हणजे मधोमध एकच सांधा असलेला, दोन तुकड्यांचा कडक ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारं खोटं आमिष. त्याला क्रँकबेट या दुसऱ्या प्रकारच्या ल्युअरसारखी पुढे आलेली जीभ नसते आणि ओढल्यावर तो थरथरत नाही. लाईनला ओढ बसली की त्याचं डोकं एका बाजूला वळतं. ओढ सुटली की अंगातल्या वेगावर तो त्या बाजूला सरकत जातो. पुढची ओढ त्याला उलट बाजूला वळवते, आणि अशी रुंद नागमोडी वाट तयार होते. म्हणजे त्याची अर्धी चाल तुम्ही ओढत असताना घडते आणि उरलेली अर्धी तुम्ही काहीच करत नसताना. नवशिक्यांचं बहुतेक बिनसतं ते या दुसऱ्या अर्ध्यात. लाईन सतत ताणलेली राहते, ल्युअरला सरकायला वाव मिळत नाही आणि तो पाण्यातून ओढलेल्या काठीसारखा सरळ येतो. पुढे जे काही सांगितलं आहे त्याचा रोख एकच आहे: लाईन योग्य वेळी सैल सोडायला शिका.

ही पद्धत मुख्यतः लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी घडली, कॅलिफोर्नियाच्या जलाशयांत आणि जपानमध्ये. कॅस्टेइक, कासिटास यांसारख्या तलावांत बास मासे रेनबो ट्राउट गिळून वाढले, आणि एवढं मोठं भक्ष्य खाणाऱ्या माशासाठी मोठे ल्युअर आले. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा बास धरला. जॉर्ज पेरी यांच्या १९३२च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा तो मासा ल्युअरवर नाही, जिवंत ब्लूगिलवर (एक लहान मासा) लागला होता. पण मोठा मासा मोठ्या घासामागे जातो, हे त्यातून दिसतंच.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आधी आपल्या राज्याचा परवाना काढावा. कॅलिफोर्नियात १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला तो लागतो. बिवा सरोवरात २००३पासून पकडलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायला मनाई आहे, कारण दोन्ही तिथे बाहेरून आलेले आहेत. कोकण आणि गोव्यातल्या वाचकांसाठी जिताड्याचा भाग पुढे आहे, पण मधली तंत्रं वगळून थेट तिथे जाऊ नका.

कुठला ल्युअर, कुठला रॉड

पहिला ल्युअर १६ ते १८ सेंटीमीटरचा, ४५ ते ६० ग्रॅमचा आणि हळू बुडणारा घ्या. रिव्हर टू सीचा एस-वेव्हर १६८ या मापातला आहे आणि त्यातल्या त्यात स्वस्त. गॅन क्राफ्टचा जॉइंटेड क्लॉ १७८ महाग, पण चाल फार सहज देतो. डेप्सचा स्लाइड स्विमर २५० बघून भुरळ पडते, पण २५ सेंटीमीटर लांबीचा आणि दीडशे ग्रॅमवरचा तो ल्युअर वेगळाच रॉड मागतो. हात बसेपर्यंत तो घेऊ नका.

रॉड ७ फूट ६ इंच ते ८ फूट, हेवी, आणि ३ औंसांपर्यंत म्हणजे ८५ ग्रॅमपर्यंत ल्युअर झेपणारा हवा. झेपणाऱ्या वजनाचा आकडा रॉडवरच छापलेला असतो. तुमच्या ल्युअरचं वजन त्याच्या आत आरामात बसलं पाहिजे. रॉडचं टोक फार ताठ नको. ताठ टोकाने मासा उडी मारताना गळ सुटतो, आणि हातातला प्रत्येक हिसका थेट ल्युअरपर्यंत पोचतो.

रील ३०० आकाराचं बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या चकरीचं), गिअर ६ ते ७च्या दरम्यान, म्हणजे हँडलच्या एका फेरीत चकरी सहा-सात वेळा फिरते. त्याच्या हँडलच्या एका पूर्ण फेरीत साधारण ७० ते ८० सेंटीमीटर लाईन आत येते. हा आकडा लक्षात असू द्या, चाल शिकताना लागेल.

लाईन २० पौंडांचा ताण झेपणारी फ्लोरोकार्बन. ती पाण्यात बुडते, त्यामुळे ल्युअर ठरलेल्या खोलीवर राहतो. पाणी उथळ असेल आणि खाली पाणवनस्पती वाढलेल्या असतील तर त्याच जाडीची नायलॉन मोनो लावा, ती ल्युअरला वर धरते. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, लावायची तर ६५ पौंडांची, पुढे मीटर-दीड मीटर लीडर (टोकाला जोडलेला वेगळ्या लाईनचा तुकडा). पण नवशिक्याला आमचा सल्ला आहे की सुरुवातीला ब्रेड नकोच. ती ताणली जात नाही, आणि कास्ट करताना, म्हणजे ल्युअर फेकताना, लाईन अडकली तर जड ल्युअरच्या झटक्याने ती तुटते किंवा ल्युअर निसटून तळ्यात जातो. गाठ युनि, चार-पाच वेढ्यांची, ओली करून आवळलेली. प्रत्येक माशानंतर शेवटची दोन फूट लाईन बोटांत धरून तपासा. खरखर लागली तर तेवढी कापून नवी गाठ मारा.

ल्युअरच्या नाकाला स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी कडी) असावी किंवा मजबूत स्नॅप (उघडझाप होणारी कडी). लाईन थेट कडीला आवळली तर डोकं मोकळं वळत नाही.

बादलीतली परीक्षा

दुकानातून आणलेला ल्युअर तसाच पाण्यावर नेऊ नका. एखाद्या खोल टबात किंवा मोठ्या बादलीत तो गळांसकट सोडा आणि तीन गोष्टी बघा. तो आडवा बुडतो की नाक खाली घालून? एका बाजूला कलतो का? आणि एक फूट खाली जायला किती सेकंद लागतात?

हळू बुडणाऱ्या ल्युअरला एका फुटाला तीन ते चार सेकंद लागले तर उत्तम. लवकर बुडत असेल तर गळ एका मापाने बारीक करून बघा. तरंगत राहत असेल तर चिकटपट्टीसारख्या शिशाच्या पट्टीचे लहान तुकडे हनुवटीपासून पुढच्या गळापर्यंतच्या भागात लावा, एकेक करून, दर वेळी पाण्यात तपासत. शेपटीकडे वजन लावायचा मोह टाळा, कारण मागचा तुकडा जड झाला की वळण मरतं. टबातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी एका तापमानाचं नसतं. थंड पाणी जड असतं, त्यामुळे हिवाळ्यात तोच ल्युअर थोडा हळू बुडेल. खाऱ्या पाण्यात हा फरक आणखी मोठा असतो.

गळाची धार नखावर तपासा. टोक नखात रुतायला हवं; घसरलं तर घासा किंवा बदला. सुरुवातीला गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. बासच्या तोंडातून गळ काढणं सोपं होतं, आणि चुकून तुमच्याच हातात गेला तरी सोपं होतं.

कास्ट

जड ल्युअर मनगटाने फेकायचा नसतो. ल्युअर रॉडच्या टोकापासून ४५ ते ६० सेंटीमीटर खाली लोंबत ठेवा, दोन्ही हात मुठीवर, मागे नेताना रॉड वाकू द्या आणि एका सलग, गोल हालचालीत पुढे सोडा. मागे-पुढे झटका दिला की बोट स्पूलवर (लाईन गुंडाळलेल्या चकरीवर) घसरतं, लाईन गुंतते आणि ल्युअर हवेतच तुटून जातो.

कास्टच्या आधी स्पूलचा ताण असा लावा की अंगठा काढल्यावर ल्युअर हळू खाली यावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं. ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा. अंतर कमी मिळेल, त्याची फिकीर करू नका. २० मीटरची स्वच्छ कास्ट पुरे आहे.

ल्युअर पाण्यावर आदळायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल हलकेच दाबा. त्याने दोन कामं होतात. ल्युअर हवेत सरळ होतो, म्हणून गळ लाईनमध्ये अडकत नाहीत, आणि धपकन आवाज होत नाही. ५० ग्रॅमचा ल्युअर माशाच्या डोक्यावर आपटला तर तो तिथून निघून जातो. म्हणून ज्या ओंडक्याजवळ मासा असेल असं वाटतं, त्याच्या ३ ते ५ मीटर पुढे कास्ट करा आणि ल्युअर तिथून ओंडक्याजवळ आणा.

चाल

पहिला दिवस मासा धरायला नको. स्वच्छ, उथळ पाण्याच्या धक्क्यावर उभे राहा, गळ काढून टाका आणि ल्युअर डोळ्यांनी बघत हात शिका. रॉडचं टोक खाली, ल्युअरच्या दिशेला. काम हँडल करतं, रॉड नाही.

पहिली चाल, संथ रील. हँडल अखंड पण हळू फिरवा. वेग कमी-जास्त करत जा. एका ठरावीक वेगाला नागमोडी सगळ्यात रुंद होते. त्याहून जोरात नेलं की ती अरुंद होत जाते आणि शेवटी ल्युअर अंगावर लोळतो. तो रुंद वेग प्रत्येक ल्युअरचा वेगळा असतो. तो हाताला सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी, अर्धी फेरी. हँडल अर्धं फिरवा आणि थांबा. साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर लाईन आत आली, ल्युअर डावीकडे सरकायला लागला. आता तो सरकणं संपेपर्यंत हात हलवायचा नाही. संपलं की पुन्हा अर्धी फेरी, तो उजवीकडे जाईल. बहुतेक लोक इथे घाई करतात. ल्युअर अजून डावीकडे चाललेला असतो आणि ते पुढची ओढ देतात. वळण अर्ध्यात तुटतं.

तिसरी, मागे वळणं. हँडलच्या दोन पाव फेऱ्या, झटपट, एकामागून एक. दुसरी संपताच रॉडचं टोक ल्युअरकडे २० ते ३० सेंटीमीटर पुढे न्या. लाईन एकदम सैल होते आणि ल्युअर सांध्यातून दुमडून जवळजवळ उलटा वळतो, पाठलाग करणाऱ्या माशाच्या समोर तोंड करून. ग्लाइड बेटचं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे. रॉडने हिसका देऊनही असं वळण कधीकधी मिळतं, पण त्यात ल्युअर दोन फूट पुढे निसटतो. आपल्याला तो जागच्या जागी वळायला हवा.

चौथी, पळ. तीन-चार फेऱ्या जोरात आणि एकदम थांबा. ही मासा मागे दिसला तरच वापरा. सतत वापरली तर तिचा उपयोग संपतो.

पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर फक्त अर्धी फेरी, आणि मधला थांबा तीन ते पाच सेकंद. १२ ते १८ अंश हा या ल्युअरचा सुगीचा काळ, विशेषतः वसंतात मासे अंडी घालायला काठाकडे येत असताना. संथ रील आणि मध्ये मध्ये एक मागे वळण, एवढं पुरे. भर उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळच धरा.

कुठे टाकायचा

ग्लाइड बेट माशाला दुरून बोलावतो, म्हणून पाणी निदान मीटरभर स्वच्छ दिसायला हवं. गढूळ पाण्यात हा ल्युअर बाजूला ठेवा. वाऱ्याने हललेला पृष्ठभाग आणि ढगाळ आभाळ असेल तर तुम्ही भाग्यवान: मासा ल्युअर बघतो, पण नीट निरखू शकत नाही.

काठावरून मासेमारी करणारे बहुतेक जण समोर, तळ्याच्या मध्याकडे कास्ट करतात. त्यापेक्षा काठाला समांतर टाका. ल्युअर पूर्ण कास्टभर माशांच्या पट्ट्यातून येतो. धक्क्याच्या, पडलेल्या झाडाच्या किंवा कड्याच्या सावलीची कड शोधा आणि ल्युअर त्या कडेने आणा. सावलीचा कोपरा आला की तिथे मागे वळण द्या. तलावात घुसलेली जमिनीची टोकं, पाणवनस्पतीची बाहेरची कड, या पुढच्या जागा.

रंगाचा फार विचार करू नका. स्वच्छ पाण्यात तिथला मासा खातो तसला, ट्राउट किंवा ब्लूगिलचा. ढगाळ दिवशी हाडाचा पांढरा. दोन ल्युअर पुरतात.

मासा मागे येतो, पण धरत नाही

हे रोजचं आहे आणि निराश होण्यासारखं नाही. मोठा मासा ल्युअरमागे येतो, काठापर्यंत येतो, तुम्हाला बघतो आणि वळतो. मागे सावली दिसली की पहिली चूक म्हणजे घाबरून थांबणं. थांबलेला ल्युअर निरखायला त्याला वेळ मिळतो. आधी वेग वाढवा, दोन-तीन फेऱ्या, आणि मग मागे वळण. तेही नाही जमलं तर रॉडचं टोक पाण्यात घालून ल्युअरला काठाला समांतर मोठं वळण द्या. दिशा बदलते तेव्हा अनेक मासे तोंड उघडतात.

गेला तर जागा लक्षात ठेवा. लगेच तिथेच पुन्हा पुन्हा टाकू नका. अर्ध्या तासाने, दुसऱ्या कोनातून, शक्य तर सूर्य झाकला असताना परत या. कुठला मासा कुठे राहतो एवढं कळलं तरी त्या दिवशीचं काम झालं.

लागल्यावर

धडक जाणवताच रॉड वर हिसकू नका. पुष्कळदा बास आधी ल्युअरला धक्का देतो आणि मग घेतो. हँडल फिरवत राहा, वजन जाणवलं की रॉड बाजूला, सपाट, ताकदीने ओढा. लढताना रॉडचं टोक खाली ठेवा. ल्युअर जड आहे. मासा हवेत डोकं झाडतो तेव्हा त्याच वजनाच्या झोक्याने गळ सुटतो. तो वर यायला लागला की रील वेगात फिरवा आणि त्याला पाण्यातच राहू द्या.

मासा काठाशी आल्यावर रबरी लँडिंग नेट वापरा. हाताने ओठ धरायला जाऊ नका, बाहेर लोंबणारा तीन काट्यांचा दुसरा गळ तुमच्या बोटात जातो आणि दुसरं टोक धडपडणाऱ्या माशात असतं. लांब नाकाची पक्कड आणि गळ कापणारी कात्री खिशात, पिशवीत नव्हे. सोडायचा मासा ओल्या हातांनी, आडवा धरा.

जिताड्यासाठी, कोकण आणि गोव्याच्या खाड्यांत

बास आपल्याकडे नाही. पण जिताडा, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात, तसाच दबा धरून बसणारा शिकारी आहे आणि वरची तंत्रं त्याला लागू पडतात. ल्युअर १२ ते १५ सेंटीमीटरचा, बोईच्या रंगाचा, पाठ करडी आणि पोट चंदेरी.

सामान मात्र बदलावं लागतं. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार आणि तोंड खरखरीत असतं, म्हणून ४० ते ६० पौंडांचं लीडर घाला. इथे ब्रेडला पर्याय नाही, कारण तो लागताच खांबांत आणि मुळांत घुसतो आणि पहिल्या काही सेकंदांत त्याला बाहेर ओढावंच लागतं. ल्युअरबरोबर आलेले बासचे गळ आणि रिंगा तो सरळ करून टाकतो. जाड तारेचे गळ घाला, मात्र ते जड असतात, म्हणून बादलीतली परीक्षा पुन्हा करा, शक्य तर खाडीच्याच पाण्यात.

पाण्याच्या जोराच्या ओढीत नागमोडी चाल उरत नाही. प्रवाह लाईन सतत ताणून धरतो आणि सैल मिळतच नाही. म्हणून भरती किंवा ओहोटी संपता संपता आणि वळल्यानंतर लगेचचा वेळ धरा. उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाच्या दिवसांत हा वेळ लांबतो. कास्ट प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी करा, म्हणजे ल्युअर तुमच्याकडे येताना लाईन आपोआप ढिली पडते. ती जास्त ढिली पडली तर धडक कळणार नाही, तेव्हा फक्त झोळ आवरण्यापुरतं रील करत राहा. जागा म्हणजे पुलाचे खांब, जुने धक्के, खारफुटीच्या कडेची खोल चर आणि खारबंदिस्तीच्या उघाडीचं तोंड, जिथून शेतातलं पाणी खाडीत पडतं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात नाही, पाणी निवळल्यानंतर.

खाडीत गुडघाभर पाण्यातही उतरू नका. वाशिष्ठी आणि सावित्रीत, तसंच गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. चिखलात पाकट असते. भरती वळल्यावर परतीची वाट पाण्याखाली जात नाही ना, हे आधीच बघून ठेवा. धरणाच्या जलाशयात मरळसाठी जाणार असाल तर तिथली मासेमारी बहुधा ठेक्याने एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असते, आधी विचारा.

बिघडतं कुठे

ल्युअर एकाच बाजूला जात असेल तर नाकाची कडी वाकलेली आहे किंवा शेपटी मुडपलेली. कडी पक्कडीने अगदी थोडी, उलट बाजूला वळवा. मऊ शेपटी गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि थंड पाण्यात बुडवा.

अंगावर लोळत असेल तर वेग जास्त आहे, किंवा गळ लाईनला अडकला आहे, किंवा सांध्यात शेवाळ बसलंय. प्रत्येक कास्टनंतर सांधा बघायची सवय लावा. एक काडी अडकली तरी वळण जातं.

वर वर येत असेल तर लाईन जाड आहे किंवा रॉड उंच धरला आहे. हव्या खोलीचा हिशेब सोपा: एका फुटाला तीन सेकंद लागत असतील तर पाच फुटांसाठी पंधरा मोजा, मग पहिली फेरी.

घरी आल्यावर ल्युअर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः खाडीतून आल्यावर, आणि सांधा उघडा ठेवून सावलीत पूर्ण वाळवा. गळांच्या रिंगा आधी गंजतात, त्या आधी बदला. मऊ शेपट्या आणि रबरी ल्युअर कडक ल्युअरला टेकवून एका डब्यात ठेवू नका, दोन्हींचं प्लास्टिक एकमेकांत विरघळतं आणि रंग निघून येतो. शेपटी सरळ राहील एवढा लांब कप्पा घ्या.